थरथरीचा पंचनामा

विजयकुमार खिल्लारे यांची गाडी ताशी साठच्या वेगाने अशी जायची, की पोटातलं पाणी हलू नये. ऐंशीला तर ती इतकी गुळगुळीत चालायची, की शेजारच्याला डुलकी लागावी. अडचण एवढीच, की हिंगोलीत ताशी साठने जायचं कुठे? त्यांच्या घरापासून कचेरीपर्यंत सात गतिरोधक होते, त्यांतले चार नगरपालिकेने घातलेले आणि तीन लोकांनी स्वतःच्या जबाबदारीवर. शिवाय रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करणारी एक म्हैस होती, तिच्या मालकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे गाडीचं सगळं आयुष्य ताशी पाच ते पंधरा या टापूत जायचं आणि ती थरथरायची ती नेमकी याच टापूत.

थरथर म्हणजे साधी नव्हे. हिव भरलेल्या माणसाचे दात वाजावेत तशी ती आधी बारीक थडथडायची, मग एक हिसका द्यायची, मग काही झालंच नाही अशा थाटात दहा पावलं जायची आणि पुन्हा सुरू. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे यायची. विजयकुमारांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. रस्त्यावरचे लोक मात्र गाडीकडे न बघता विजयकुमारांकडे बघायचे, जणू गाडी त्यांना घाबरून कापत होती.

गाडी ऑटोमॅटिक घेण्याचं कारण त्यांचा डावा गुडघा. डॉक्टर म्हणाले, डाव्या पायाला आराम द्या. पत्नी संगिताबाई म्हणाल्या, "मग बसने जात जा, दोन्ही पायांना आराम." पण सव्वीस वर्षं नोकरी करून अव्वल कारकून झालेल्या माणसाच्या मनात एक गाडी उभी असतेच. नांदेडहून एका दंतवैद्याची, थोडीच चाललेली, वॉरंटी शिल्लक असलेली गाडी आली. गिअरबॉक्स ड्युअल क्लच. हे नाव विजयकुमारांनी पहिल्या आठवड्यात इतक्यांदा उच्चारलं, की गल्लीतल्या बायका गाडीला 'दोन क्लचवाली' म्हणू लागल्या.

पहिली तपासणी केली ती शेजारच्या तातेरावांनी. तातेराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं हिंगोली-सेनगावच्या रस्त्यावर बस चालवून त्यांनी खड्डे नावानिशी पाठ केले होते. त्यांनी आत डोकावून बघितलं.

"क्लच हाय का न्हाई हिला?"

"आहेत ना. दोन आहेत."

"मंग पायाखाली एकबी काहून न्हाई?"

"ते आतल्या आत दाबले जातात."

"कोन दाबतं?"

"कॉम्प्युटर."

तातेरावांनी गाडीत बसून गल्लीत एक चक्कर मारली, उतरले आणि धोतर झटकलं. "विजयराव, तुमचा त्यो कॉम्प्युटर नवशिका हाय. हाफ क्लचवर, अर्धा दाबून अर्धा सोडून, ठिवून राहिला गाडी. माझ्या हाताखाली असता तर कानाखाली देली असती."

हे निदान अक्षरशः बरोबर होतं. पण तातेरावांच्या अंगावर धोतर होतं आणि हातात लॅपटॉप नव्हता, म्हणून विजयकुमारांनी ते विचारात घेतलं नाही. त्यांनी इंटरनेटवर वाचून काढलं. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एकाने सोडायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने धरायचं. वाचता वाचता त्यांना आपल्या कचेरीतली दोन टेबलं आठवली. एकच फाईल, दोघेही हात अर्धवट लावून बसलेले, मी सोडू का तू धरतोस, आणि मधल्या मध्ये फाईल कापते आहे. आपण एवढी गाडी घेऊन पुन्हा कचेरीच विकत आणली, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नाही.

गल्लीने सल्ले दिले. कुणी म्हणालं पेट्रोलचा पंप बदला. कुणी म्हणालं डिकीत वाळूचं पोतं टाका, वजनाने शांत होईल. एका निवृत्त हेडमास्तरांनी गाडी उन्हात उभी करू नका असं सुचवलं. हिंगोलीत चैत्र-वैशाखात सावली शोधायची कुठे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

थरथरीचं एवढं दुःख करण्यामागे खरं कारण वेगळं होतं आणि ते पुसेगावला राहत होतं. रुक्माबाई, म्हणजे अक्का. विजयकुमारांची थोरली बहीण, पुसेगावची अंगणवाडी सेविका. तरणी असताना विधवा झाली आणि मग गावातली लेकरंच सांभाळत राहिली, पस्तीस वर्षं. विजयकुमार हिंगोलीला शिकायला होते तेव्हा अक्का रोज सकाळी भाकरीचा डबा सेनगावच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या हुकाला अडकवून द्यायची. तो ड्रायव्हर म्हणजे हेच तातेराव. डब्याने कधी एक दिवस दांडी मारली नाही. तीस एप्रिलला अक्का निवृत्त होणार होती.

दिवाळीत अक्का हिंगोलीला आली तेव्हा गाडी नवीनच आली होती. तिने पदराने दारावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "इजू, बसू का रे जरा?"

"न्हाई अक्का," विजयकुमार छाती काढून म्हणाले, "आज न्हाई. तुझ्या निरोपाच्या दिशी बसायचं. गळ्यात हार, पुढच्या सीटवर. स्टँडपासून अंगणवाडीपोत्तर मिरवणूक. मी सोता चालवनार."

"आत्ता घडीभर बसले असते तं काय झिजली असती का?" अक्का हसली. पण बसली नाही. नव्या वस्तूचा मान तिला कळत होता. आठवड्याने गाडी थरथरायला लागली.

मिरवणूक म्हणजे काय, याचा हिशोब विजयकुमारांच्या डोक्यात फेब्रुवारीत उतरला. पुढे लेझीम, मागे बाया, आणि मध्ये गाडी पायी चालण्याच्या गतीने. तासभर. तीस एप्रिलला दुपारी पाचच्या उन्हात. म्हणजे या गिअरबॉक्सला जे जे सोसत नाही ते ते सगळं एकदम, आणि बघायला अख्खं पुसेगाव. त्यांच्या अंगाला गाडीसारखंच कापरं सुटलं.

ते नांदेडला सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे सुरज नावाचा सल्लागार होता. त्याचा शर्ट इस्त्रीचा आणि जीभ मधाची. त्याने गाडी बायपासला नेली, ऐंशीने पळवली आणि परत आणली.

"सर, मख्खन आहे गाडी."

"अहो, ऐंशीला नाही थरथरत. पाचला थरथरते."

"सर, पाचला कोण चालवतं?"

"हिंगोली चालवते," विजयकुमार म्हणाले.

सुरजने कागदावर लिहिलं : तक्रार आढळून आली नाही. विजयकुमार त्या चार शब्दांकडे बघतच राहिले. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती अर्जांच्या पाठीवर लिहिलं होतं याची गणती नव्हती. ते वाचणाऱ्याला खालून कसं दिसतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या खेपेला सुरज म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट केलं. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "सर, हा या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे."

स्वभावाला औषध नसेल, पण शासनात त्याला कागद असतो. विजयकुमारांनी एका रविवारी गल्लीत पंचनामा केला. पाच पंच बोलावले, तातेराव पहिले. डॅशबोर्डवर स्टीलचा पेला ठेवला, काठोकाठ पाणी भरलं, आणि गाडी पहिल्या गतिरोधकापासून सातव्यापर्यंत नेली. मग मांडी घालून लिहिलं : 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर वाहन मंद गतीने चालत असता थरथर कापत असून, पेल्यातील पाण्यापैकी अर्धे पाणी पंच क्रमांक एक यांच्या धोतरावर सांडले. सदर धोतर पंचांनी पाहिले असता ओले आढळून आले.' सह्या झाल्या. घरच्या वहीत जावक क्रमांक पडला. कागद कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रवाना झाला, त्याची प्रत सुरजला, आणखी एक प्रत माहितीसाठी संगिताबाईंना.

उत्तर येईपर्यंत रंगीत तालीम करून बघावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. हिंगोलीत करायची सोय नव्हती, ओळखीचे लोक. म्हणून एप्रिलच्या मध्याला, आठवडी बाजाराचा दिवस गाठून ते थेट जवळा बाजार या गावी गेले. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. बाजाराच्या गर्दीत गाडी घातली आणि मनातल्या मनात पुढे लेझीम मांडून ते पायी गतीने निघाले.

पन्नास पावलं ठीक गेली. मग थडथड सुरू झाली. मग हिसके. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून बघू लागला, शेळ्याही थांबल्या. मग काचेखालच्या पडद्यावर लाल चिन्ह उमटलं, गिअरबॉक्स तापला आहे, थांबा. गाडी थांबली ती मिरचीवालीच्या पालासमोर, रस्ता आडवा करून. मागे टेम्पो, त्यामागे ट्रॅक्टर, आणि सगळ्यांचे हॉर्न.

"ओ साहेब, गाडीला थंडी वाजून राहिली का?" कुणीतरी ओरडलं. उन्हाचा पारा बेचाळीसला होता.

चौघांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. ढकलणाऱ्यांत एक बाई होती, डोक्यावरची बांगड्यांची पाटी खाली ठेवून आलेली. घाम पुसत ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "अवो, तुमी आमच्या रुक्माबाईचे इजूभाऊ ना? मी गोजरबाई, पुसेगावची. समद्या बाजारांला फिरते मी."

विजयकुमार कसंनुसं हसले. "हे तुम्ही अक्काला सांगू नका बरं."

"छ्या, मी काहून सांगते," गोजरबाई म्हणाली. बांगड्या विकणाऱ्या बाईच्या पोटात गोष्ट किती दिवस राहते, हे विजयकुमारांनी विचारात घ्यायला हवं होतं.

आणि पंचवीस तारखेला सुरजचा फोन आला. आवाज बदललेला होता. मुख्य कार्यालयाने पंचनाम्याची दखल घेतली होती. दोन्ही क्लच बदलून मिळणार होते, वॉरंटीत.

"फक्त सर, तुमची वॉरंटी तीसला संपते. पार्ट एकोणतीसच्या संध्याकाळी येतो. तीसला सकाळी गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा."

"तीसला? तीसला नाही जमणार. एक तारखेला घ्या."

"सर, एक तारखेला वॉरंटी नाही. तुम्ही तर सरकारी माणूस, तारखेचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगू?"

विजयकुमारांनी फोन ठेवला. एका दिवसाने हुकलेले अर्ज त्यांनी स्वतः परत पाठवलेले होते, न्यायाने आणि शांत झोपून.

त्यांनी तातेरावांसमोर प्रकरण ठेवलं. तातेरावांना त्यात प्रकरणच दिसेना. "तीसला पहाटं निघा. गाडी नांदेडला टाका. तिथून बस धरा. पाचच्या आत पुसेगावला पोचता. भैनीच्या मिरवणुकीत पायी चाला, दुसऱ्या दिशी गाडी आना. यात अडचण काय हाय?"

अडचण काही नव्हती. एसटीने उतरायचं होतं, एवढंच. दिवाळीपासून अख्ख्या गावाला सांगून ठेवलेल्या गाडीशिवाय, हातात पिशवी घेऊन, स्टँडवर उतरायचं. लोक विचारणार, साहेब, गाडी कुठं? आणि गोजरबाई तिथेच उभी असणार. विजयकुमारांना ते दृश्य डोळ्यांसमोर येताच कानशिलं गरम व्हायची. पुढे कित्येक दिवस ते स्वतःला हेच विचारत राहिले, की त्या बसमध्ये बसायला आपल्याला नेमकं काय आडवं आलं होतं? त्याच रस्त्याच्या बसने त्यांना तीन वर्षं भाकरी आणून दिली होती.

त्यांनी अक्काला फोन केला.

"जय भीम, अक्का."

"जय भीम, इजू. गाडी धुतली का रे? पोरी म्हनून राहिल्या, फुलं कोनत्या रंगाची आनावी?"

"अक्का, जरा तकलीफ झाली. एक तारखेचं झेंडावंदन हाय ना. तयारी माझ्याकडं देली. साहेब सुट्टीच देऊन न्हाई राहिले."

मग अक्का म्हणाली, "मंग गाडीबी न्हाई येनार?"

"कोन आननार, अक्का?"

"व्हय, व्हय. बराबर हाय. सरकारी काम आधी. तू काई मनाला लावून घेऊ नको."

फोन ठेवल्यावर विजयकुमारांना स्वतःची लाज वाटली. वाटली आणि तरी त्यांनी पुन्हा फोन केला नाही. संगिताबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी जाणार आहे. बसने."

तीस तारखेला विजयकुमार नांदेडच्या त्या थंडगार बैठकखोलीत बसून होते. कोपऱ्यात चहाचं यंत्र होतं. टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालल्या होत्या. काचेपलीकडे गाडी वर टांगलेली होती आणि तिच्या पोटातून दोन्ही क्लच बाहेर काढून ठेवले होते. जळून काळे पडलेले. सुरज स्वतः येऊन म्हणाला, "सर, हाफ क्लचवर राहून राहून गेले हे." विजयकुमारांना धोतर आठवलं. पाच वाजले तसं त्यांनी घड्याळ उलटं फिरवून मनगटाच्या आत घेतलं. साडेपाचला संगिताबाईंनी मोबाईलवर एक फोटो पाठवला, सोबत एक अक्षर नाही. फोटोत लेझीम होतं, बाया होत्या, मधे गळ्यात हार घातलेली अक्का, पायी, दोन्ही हातांना दोन लेकरं. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला. अक्काच्या पायात नवी चप्पल होती. पुढच्या सीटवर बसायचं म्हणून घेतलेली असणार. संध्याकाळी सुरजने किल्ली दिली आणि दहापैकी दहा गुण द्या म्हणाला. विजयकुमारांनी दिले.

गाडी खरंच मख्खन झाली होती. घरी पोचल्यावर संगिताबाईंनी ताट वाढलं आणि विचारल्याशिवायच सांगितलं, "सरपंचांनी जीप सजवली होती. अक्का बसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या भावाच्या गाडीत बसायचं ठरलं व्हतं, ती न्हाई तं मी पायीच बरी. लोकांनी विचारलं, भाऊ काहून न्हाई आला? तर म्हणाल्या, त्याच्याबिगर जिल्ह्याचा झेंडा चढत न्हाई."

एक तारखेला विजयकुमार झेंडावंदनाला तिसऱ्या ओळीत उभे होते. झेंडा त्यांच्याशिवाय व्यवस्थित चढला. राष्ट्रगीत संपताच त्यांनी गाडी काढली. वाटेतलं नरसी गाव मागे पडलं, पुसेगाव आलं. गावातून ते मुद्दाम हळू गेले. गाडीने ब्र काढला नाही. बघायला मात्र कुणी नव्हतं. अकराचं ऊन होतं, दुकानं अर्धी बंद, आणि कालच्या फुलांच्या पाकळ्या रस्त्याच्या कडेला वाळून पडल्या होत्या.

अक्का ओसरीवर लसूण सोलत बसली होती. हार खुंटीला होता.

"झेंडा नीट झाला का रे?"

"झाला." विजयकुमारांना तिच्याकडे बघवेना. "अक्का, चल. गाडीत बस. स्टँडवरून अंगणवाडीपोत्तर जाऊ. कालचं जसं ठरलं व्हतं तसंच."

"आता? या उन्हात?" अक्का हसली. पण उठली. हात धुतले, आत गेली आणि एक चौकोनी, जाडजूड शिवलेली वाकळ घेऊन आली, उशीएवढी. लहान लहान कपड्यांचे तुकडे जोडलेले, फुलाफुलांचे, रंग उडालेले.

"हे काय?"

"अंगनवाडीतल्या लेकरायचे जुने फराक हायत. सीटवर टाकायला शिवली. गोजरी म्हनली, इजूभाऊची गाडी लई हादरते. मंग म्हनलं जाड शिवावी, म्हंजी कंबरंला लागायचं न्हाई." तिने वाकळ पुढच्या सीटवर पसरली, हाताने सारखी केली आणि वर बसली. "चार पाच दीस लागले शिवायला."

विजयकुमार दार धरून उभेच राहिले. म्हणजे तिला ठाऊक होतं. फोनच्या आधीपासून ठाऊक होतं.

"अक्का, तुला माहीत व्हतं तं फोनवर काहून न्हाई बोललीस?"

"तू झेंडा म्हनला, म्या झेंडा म्हनलं." तिने पदर सावरला. "अरे, हादरली असती तं काय झालं असतं रे? पस्तीस वर्सं दुसऱ्याची लेकरं झोळीत हालवली म्या. मला वाटलं, एक दिस आपन बसावं अन् माझ्या भावानं हालवावं."

पंचनामे लिहिणाऱ्या माणसाला दिलगिरीचे चार शब्द सापडेनात. ते वळून आपल्या जागेवर जाऊन बसले आणि गाडी स्टँडकडे नेली.

तिथून अंगणवाडीकडे वळताना त्यांनी वेग अगदी उतरवला. पायी चालण्याच्या गतीने. ब्रेक अर्धवट दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला. जे जे केल्याने पूर्वी ती हमखास कापायची ते ते सगळं केलं. रस्त्यावर एक कुत्रं सावली धरून पडलं होतं. अक्का ताठ बसली होती, दोन्ही हात वाकळीवर टेकवून, काचेतून सरळ समोर बघत.

"लई झाक चालते रे," ती म्हणाली. "काईच कळत न्हाई."

विजयकुमारांनी पुन्हा एकदा ब्रेकवरचा पाय हळूच सैल केला आणि वाट बघितली. गाडी अंगणवाडीच्या दारापर्यंत गेली, पण थरथरली नाही.